बोथट चाकू आणि गोल पाठ: कातडं खरवडायची अवजारं घरच्या घरी

निपाणीजवळच्या खेड्यातून एका मुलानं विचारलंय: "काका, टॅक्सीडर्मी, म्हणजे मेलेल्या जनावराचं कातडं भरून जिवंतासारखं उभं करायची कला, शिकायची आहे. मटणाच्या दुकानातून बोकडाचं कातडं मुंडी न भाजता मागून आणलं. आतलं मांस आणि चरबी काढायला भाजीच्या सुरीनं बसलो, तर तासाभरात सात भोकं पडली. मग घाबरून तसंच मीठ चोळून ठेवलं. फ्लेशिंगचा, म्हणजे कातडं असं आतून खरवडायचा, परदेशी चाकू मागवायचा तर दहा-बारा हजार, मशीन लाखाच्या घरात. घरी काय बनवता येईल?"

सात म्हणजे काहीच नाही रे. माझ्या पहिल्या कातड्याची भोकं मी मोजायचीच सोडून दिली होती. नोकरीभर मी एका कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात नमुने भरायचं आणि दुरुस्त करायचं काम केलं, आता खानापूर तालुक्यात गावी असतो. तिथं अवजारांसाठी कधी पैसे मंजूर झाले नाहीत. म्हणून जे सांगतोय ते सगळं भंगारातून, लोहाराकडून आणि थोडं घरातून ढापून बनवलेलं आहे.

सुरीबद्दल तू बरंच लिहिलंस, पण कातडं कशावर ठेवून खरवडलंस ते लिहिलं नाहीस. पाटावर नाहीतर फरशीवर, पैज लावतो. तुझी भोकं सुरीनं कमी आणि पाटानं जास्त पाडलीत. सपाट जागेवर ओलं कातडं सरकतं, त्याला चुण्या पडतात आणि पातं चुणीत शिरलं की भोक पडलंच. तेच कातडं गोल पाठीवर टाकलं की ताणून बसतं. पात्याखाली एका वेळी बोटभर रुंदीचीच पट्टी येते आणि बाकीचं कातडं दोन्ही बाजूंना खाली लोंबतं. म्हणून खिशात पाचशे रुपये असतील तर आधी ही पाठ कर. परदेशात तिला फ्लेशिंग बीम म्हणतात, आमच्या विभागातला शिपाई 'घोडा' म्हणायचा. मीही घोडाच म्हणतो.

घोड्याला सागवान लागत नाही. एखाद्या सॉ मिलवर जा. ओंडका चिरताना सगळ्यात बाहेरची जी फळी निघते ती एका बाजूनं सपाट आणि दुसऱ्या बाजूनं मुळातच गोल असते. ती जळणाच्या भावात विकतात. आंब्याची किंवा फणसाची, साडेचार-पाच फूट लांब आणि सात-आठ इंच रुंद अशी बघून घे. एकही गाठ नको. गाठीची जागा बाजूच्या लाकडापेक्षा कणभर वर राहते आणि नेमकी तिथंच पात्याखाली कातडं फाटतं. साल काढ, गोल बाजूवर रंधा मार, वरचं टोक जिभेसारखं गोल कर आणि मग पॉलिश पेपरनं घासत बस. किती घासायचं? नायलॉनचा जुना मोजा हातात घालून फळीवरून फिरव. कुठंही धागा अडकला नाही की झालं.

आता उंची, इथं बहुतेक जण चुकतात. घोड्याचं वरचं टोक तुझ्या बेंबीच्या जरा खाली आलं पाहिजे. कातड्याची कड त्या टोकावर टाकायची आणि पोटानं दाबून धरायची, म्हणजे दोन्ही हात चाकूला मोकळे राहतात. तू उंच असशील तर माझी मापं तुझ्या कामाची नाहीत, अर्ध्या तासात कंबर धरेल. खालचं टोक जमिनीवर भिंतीला टेकव आणि वरच्या टोकाखाली कैचीसारखे दोन पाय ठोक. उतार फार उभा नको. पोटाला रेक्झिनचा नाहीतर ताडपत्रीचा एप्रन बांध, नाहीतर चरबी शर्टातून बनियनपर्यंत जाते आणि तो वास तीन धुण्यांत निघत नाही.

लाकडाची भानगड नको असेल तर आपल्या ऊसपट्ट्यात दुसरी सोय आहे. शेतातल्या पाइपलाइनचा सहा इंची पीव्हीसी पाइपाचा उरलेला तुकडा कुणाच्याही गोठ्यामागं पडलेला असतो. दोन-अडीच फुटांचा तुकडा कापून तो जाड फळीवर स्क्रूनं बसव, स्क्रूची डोकी खालच्या बाजूला राहू देत. पीव्हीसी धुता येतं, वास धरत नाही, चरबी आत मुरत नाही. पण वर्षानुवर्षं उन्हात पडलेला पाइप घेऊ नकोस. तो ठिसूळ झालेला असतो, वरून खरखरीत होतो आणि टोकाला टवके उडतात. खरं सांगायचं तर आज नव्यानं सुरुवात करायची असती तर मी पाइपच घेतला असता. लाकडाचा घोडा माझ्या सवयीचा, एवढंच.

पाय, शेपटीचं बूड, कोंबड्याची मान, असल्या निमुळत्या भागांना मोठा घोडा चालत नाही. त्याला मुसळ उत्तम, आधीच गुळगुळीत आणि एका बाजूला निमुळतं. शिकंज्यात आडवं पकडायचं की झालं. फक्त घरातल्या मुसळाला हात लावू नकोस. मी लावला होता. त्या आठवड्यात घरात माझ्याशी कुणी बोलत नव्हतं.

आता चाकू. पहिला चाकू मी मोठ्या हौसेनं इतका धारदार केला होता की कागद हवेत कापायचा. एका देखण्या बोकडाच्या कातड्यावर तो चालवला. मांस छान निघालं, हात भराभर चालला. दुसऱ्या दिवशी कातडं उलटून बघतो तर पाठीवर तळहाताएवढे टकलाचे पट्टे. भोक एकही नव्हतं. धार खोल गेली आणि केसांची मुळंच आतून कापली गेली. त्यामुळं हे डोक्यात पक्कं ठेव: फ्लेशिंगचा चाकू कापत नाही, तो ढकलतो. त्याची कड चौकोनी असते, सुताराच्या खरवडायच्या पत्र्यासारखी, नव्वद अंशाची. ती कातड्यावरची चरबी आणि पातळ पापुद्रा पुढं गोळा करत नेते, पण कातड्यात शिरत नाही.

ही कड कशाची करायची याला मला तीन मार्ग माहीत आहेत.

सगळ्यात स्वस्त म्हणजे बेळगावला उद्यमबागेत जायचं. तिथल्या मशीन शॉपमध्ये लोखंडाचे बार कापायला पॉवर हॅक्सॉ असतो. त्याचं पातं झिजलं की भंगारात जातं. चौदा ते अठरा इंच लांब, दीड-दोन मिलिमीटर जाड आणि दोन्ही टोकांना तयार भोकं. गोड बोललास तर फुकट मिळतं, चहाच्या पैशात तर नक्कीच. दात ग्राइंडरवर पूर्ण घासून काढ, ती बाजू चौकोनी आणि सरळ कर. दोन्ही टोकांना लाकडी मुठी: लाकडात करवतीनं खाच पाड, पातं आत सरकव, पात्याच्याच भोकातून बोल्ट घाल आणि वरून सायकलची जुनी ट्यूब घट्ट गुंडाळ. ट्यूबमुळं चरबीच्या हातातून मूठ सटकत नाही.

यात एक धोका आहे. ही पाती अनेकदा हायस्पीड स्टीलची, पूर्ण कडक असतात. वाकवायला गेलास तर काचेसारखी फुटतात आणि तुकडा डोळ्याकडं येतो. बाक देण्याचा प्रयत्नच करू नकोस, त्यात नवीन भोकही पाडत बसू नकोस आणि ग्राइंडरवर चष्म्याशिवाय उभा राहू नकोस. याउलट एक फायदाही आहे. घासताना कड निळी पडली तरी हायस्पीड स्टीलचा कडकपणा जात नाही. साध्या पोलादाचं तसं नाही. कमानपाट्याची, म्हणजे गाडीच्या स्प्रिंगच्या पट्टीची, किंवा जुन्या कानशीची कड ग्राइंडरवर निळी झाली की तेवढी जागा मऊ पडली समज. तिथं घासून घासून खोलगट होते आणि चाकू लाट मारतो. म्हणून शेजारी पाण्याचं डबडं ठेवायचं आणि कड बोटाला सोसेनाशी व्हायच्या आत बुडवायची.

दुसरा मार्ग लोहाराचा. जीपच्या कमानपाट्यातलं पातळ पान घे, ट्रकचं फार जाड पडतं. मधलं पातं चौदा इंच, दोन्हीकडं मुठीसाठी चार-चार इंचांच्या शेपट्या, जाडी तीन-चार मिलिमीटरपर्यंत ठोकून उतरवायची आणि किंचित बाक, चंद्रकोरीपेक्षाही कमी. भट्टीत ठोकताना पोलादाचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरतं, म्हणून शेवटी परत द्यावं लागतं: चुंबक चिकटेनासं होईपर्यंत लाल करायचं आणि तेलात बुडवायचं. आपले लोहार कोयत्याला पाणी पाजतात ते पाण्यात. पण कमानपाट्याचं पोलाद पाण्यात तडकू शकतं, तेव्हा वापरलेलं इंजिन ऑइल आपणच डब्यातून घेऊन जायचं. नंतर मंद आचेवर परत तापवून गवती पिवळ्यापासून तपकिरीपर्यंत रंग आला की सोडायचं, म्हणजे ठिसूळपणा जातो.

माझा चाकू ज्यानं केला तो लोहार कन्नड बोलणारा. माझं कन्नड बाजारापुरतं, त्याचं मराठी शिव्यांपुरतं. खडूनं जमिनीवर चित्र काढून सगळं समजावलं, पण धारेपाशी गाडी अडली. तो कड तासून धार काढायला लागला की मी ओरडायचो, "हरित ब्याड, हरित ब्याड!" कन्नडमध्ये हरित म्हणजे धारदार. त्यानं दोनदा हातोडा खाली ठेवून माझ्याकडं बघितलं. धार नको असलेला चाकू करून घ्यायला आलेला माणूस त्यानं आयुष्यात पाहिला नव्हता. पैसे घेतले पण, पूर्ण.

तिसरा मार्ग म्हणजे खुरपं. भांगलणीचं जुनं, झिजलेलं खुरपं घे, कानशीनं कड चौकोनी कर आणि कोपरे गोल कर. एका हातानं चालतं, मुसळावर पाय आणि मान करायला फार चांगलं. अख्ख्या कातड्याला मात्र पुरत नाही, मनगट जातं. सुरुवातीला हॅक्सॉचं पातं आणि खुरपं एवढ्यावर तुझं भागेल. लोहाराकडं पाच-दहा कातडी झाल्यावर जा, तोपर्यंत तुला स्वतःलाच कळेल किती बाक हवा.

कड बरोबर झाली की नाही हे कसं ओळखायचं? बोटाच्या पेरावरून हलकेच आडवी फिरव, कापता कामा नये. मग नखावर टेकवून पुढं ढकल, नखाची पांढरी भुकटी निघाली पाहिजे. दोन्ही झालं तर कामाला लाग. परदेशी चाकूंना एक बोथट आणि मागं एक धारदार अशा दोन कडा असतात. धारदार बाजू बोकडाच्या मानेचं जाड मांस काढायला उपयोगी पडते हे खरं. पण काम करताना ती कड तुझ्या पोटाकडं असते. पहिल्या चाकूला एकच कड ठेव. मानेवरचं मांस आधी सुरीनं वरवर उतरवून घे, उरलेलं बोथट कडेनं जातं.

चालवताना मानेकडून शेपटीकडं जायचं. छोटे ढकल, खांद्याचं वजन टाकून, पातं कातड्याला जरा तिरकं. काख आणि जांघ ही कागदासारखी असतात, तिथं हात हलका. आणि दर पाच मिनिटांनी कातडं उचलून खालचा घोडा पूस. मांसाचा हरभऱ्याएवढा तुकडा खाली अडकला तरी तो गाठीसारखाच वागतो. आपल्याकडं बकरं म्हणून बऱ्याचदा मेंढीच असते. तिचं कातडं पहिल्या वर्षी घेऊच नकोस. चरबी इतकी की चाकू साबणावरून चालल्यासारखा घसरतो, आणि लोकर चिकटून होते ती वेगळीच.

छोट्या अवजारांबद्दल थोडक्यात. ओठ, नाकपुड्या, पापण्यांची कड इथं कातडं जाड आणि आत दुमडलेलं असतं. ते चिरून, पातळ करून घ्यावं लागतं, नाहीतर मीठ आत पोचत नाही आणि पहिल्यांदा तिथलेच केस गळतात. यासाठी सर्जिकल ब्लेड घे, औषधांच्या होलसेल दुकानात मिळतात. तीन नंबरच्या दांड्याला १०, ११, १५ नंबरची पाती बसतात, चार नंबरच्या दांड्याला २० ते २४. एकाच दांड्याचे पैसे असतील तर तीन नंबर घे. चेहऱ्याला १५ नंबरच लागतं.

पण माझं आवडतं अवजार रापी आहे, चांभाराची. अथणी आणि निपाणी भागात ती कुठंही करून मिळेल. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात महाराष्ट्राच्या चार जिल्ह्यांबरोबर कर्नाटकचे चार जिल्हे आहेत आणि त्यात बेळगावही आहे. अथणीच्या एखाद्या म्हाताऱ्या कारागिराला चामड्याची कड रापीनं पातळ करताना अर्धा तास बघत बस. तो पात्याकडं बघत नाही. दुसऱ्या हाताची बोटं चामड्याखालून जाडी सांगत असतात. हीच गोष्ट ओठ पातळ करताना लागते. फक्त त्यांचं सगळंच उचलू नकोस. त्यांच्या चामड्याचे केस चुन्यात काढून टाकलेले असतात, मग बाभळीची साल आणि हिरड्यात ते कमावलं जातं. त्यांना केस नकोच असतात, म्हणून त्यांच्या कातड्यावर धारदार पातं खोल गेलं तरी बिघडत नाही. आपल्याला एकेक केस जपायचा असतो.

कान उलटा करायला, म्हणजे कानाच्या मागचं कातडं कूर्चेपासून सुटं करायला, परदेशात खास पक्कड मिळते. ती विकत घेऊ नकोस. गॅरेजवाल्यांची बाहेरच्या सर्कलिपची पक्कड घे. तिची मूठ दाबली की टोकं उघडतात, आपल्याला नेमकं तेच हवं. टोकं कानशीनं गोल कर आणि त्यावर उष्णतेनं आवळणारी वायरची नळी चढव. डोळ्याभोवतालची माती बसवायला, ओठ आत दाबायला जुने चमचे, चपटे केलेले स्क्रूड्रायव्हर, छत्रीची तार. यावर लिहीत बसत नाही, हाताला सुचेल तसं बनतं.

कोंबड्यापर्यंत पोचलास की वायर ब्रशचं चाक लागेल. पक्ष्याची चरबी पिसांच्या मुळांच्या मधे रांगेत भरलेली असते, तिथं चाकूचं काही चालत नाही. बंद पडलेल्या जुन्या यंत्राची मिनिटाला १४४० फेऱ्यांची पाव हॉर्सपॉवरची मोटर मिळाली तर त्यावर सहा इंची मऊ, बारीक तारांचा ब्रश बसव. बेंच ग्राइंडर साधारण २८०० फेऱ्यांचा असतो. त्यावर मी एकदा गावठी कोंबड्याची मान धरली आणि ती मान भिंतीवर सापडली. हातातल्या अँगल ग्राइंडरचं तर नावच काढू नकोस, तो ११,००० च्या आसपास फिरतो, कातड्याआधी बोटं जातील. चाकाचा खालचा अर्धा भागच वापरायचा, ज्या बाजूला तारा तुझ्यापासून लांब जातात. कातडं कडेपासून आत नाही, आतून कडेकडं फिरवत आणायचं, म्हणजे ते चाकात ओढलं जात नाही. सैल बाही, गळ्यात टॉवेल, काही नको. चष्मा आणि मास्क हवेतच, चरबीचा फवारा तोंडावर येतो.

हातमोजे सगळ्याच कामाला घाल. कातडं फक्त दुकानात कापलेल्या निरोगी जनावराचं घे. कुणाच्या गोठ्यात अचानक मेलेली शेळी "फुकट घेऊन जा" म्हणून मिळाली तर घेऊ नकोस. काळपुळीसारखा (अँथ्रॅक्स) रोग कातड्यातून माणसाला होतो, आणि तो मिठानं मरत नाही.

आणि रानातलं काही नाही. टॅक्सीडर्मी म्हटलं की आपल्याकडं लोकांना म्हैसूरच्या व्हॅन इंगेन यांनी भरलेले वाघ आठवतात. तो काळ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर संपत गेला. जांबोटी-खानापूर रस्त्यावर गाडीखाली आलेलं साळिंदर, उदमांजर, मोर काहीही दिसलं तरी ते मेलेलं असतानाही सरकारी मालमत्ता असतं. वनखात्याला फोन करायचा, पिशवी काढायची नाही. पुढं धंदा म्हणून वन्यप्राण्यांचं काम करायचं असेल तर परवाना लागतो. मुंबईत संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात डॉ. संतोष गायकवाड यांनी ते काम रीतसर उभं केलंय. तू सध्या बोकड आणि कोंबड्यावर हात बसव.

आता तुझं मीठ लावलेलं कातडं. चरबी आणि मांस न काढता मीठ लावलंस, म्हणजे मीठ वरच्या मांसात अडकलंय, कातड्यापर्यंत पोचलेलं नाही. आज संध्याकाळी पोटाकडचे आणि कानामागचे केस चिमटीत धरून हलकेच ओढ. झुबका हातात आला तर ते कातडं गेलं, पण फेकू नकोस. नवीन घोड्यावर हात बसवायला तेच वापर. केस घट्ट असतील तर लिटरला साठेक ग्रॅम मीठ घातलेल्या गार पाण्यात बुडव, मऊ होईपर्यंतच, काही तास. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उकाड्यात रात्रभर ठेवू नकोस. पाण्यात बर्फाच्या पिशव्या टाकल्यास तर बरं. मग काढून निथळू दे, खरवड आणि लगेच ताजं बारीक मीठ लाव. कातड्याच्या वजनाच्या निम्मं तरी मीठ हवं. कान, ओठ, पापण्यांत बोटानं दाबून भर. दुसऱ्या दिवशी ओलं झालेलं मीठ झटकून टाक, परत नवीन लाव आणि उतरत्या फळीवर ठेव, म्हणजे पाणी खाली वाहून जाईल. मांजर येणार नाही अशी जागा बघ.

भोकं शिवायची ती कमावण्याआधी, कातडं ओलं असताना, आतल्या बाजूनं. केस टाक्यात अडकू देऊ नकोस.